गळकें पात्र आणि एक फूल

तांब्याला पोचा पडला किंवा कळशीला चीर गेली, कीं तें भांडें मोडींत घालावें, हा आपल्याकडील शिरस्ता आहे. फुटकें भांडें घरांत ठेवूं नये, असें वडीलधारी माणसें सांगत आलीं. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील जुने वाडे पडून इमारती उठल्या, तेव्हां अशीं किती भांडीं तराजूंत गेलीं असतील, याची गणतीच नाहीं. जपानी पुष्परचनेचा इतिहास मात्र या शिरस्त्याविरुद्ध साक्ष देतो.

त्या कलेचें मूळ या प्रांताला अगदींच परकें नाहीं. बुद्धापुढें फुलें वाहण्याच्या प्रघातांतून ती उदयास आली. ज्या धर्माच्या कान्हेरी येथील लेण्यांना कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दानें दिलीं, तोच धर्म चीन व कोरिया या मार्गें सहाव्या शतकांत जपानांत पोंचला. पुढें क्योतो येथील रोक्काकुदो मंदिराच्या पुजाऱ्यांपासून इकेनोबो संप्रदाय निघाला. त्यांतील सेनकेई याच्या पुष्परचनेचा उल्लेख १४६२ सालच्या एका रोजनिशींत आहे.

फूल वाहणें सोपें. तें पात्रांत उभें करणें कठीण. रुंद तोंडाच्या भांड्यांत फांदी कलंडते, उथळ तबकांत तर तिला आधारच नसतो. म्हणून कोणीं पात्रांत गवताच्या काड्यांची घट्ट जुडी बसविली, कोणीं तोंडांत दुबेळक्याची काडी अडकविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन (१८६१–१९१६) यानें उथळ पात्रांतील मोरिबाना रचना रूढ केली; अशा रचनेंत तळाशीं जड आधार लागतो. खिळ्यांची शिशाची बैठक, म्हणजे केन्झान, आतां सर्वत्र दिसते. पात्राची प्रत्येक अडचण अशी एकेका युक्तीची जननी ठरली.

परंतु एक अडचण युक्तीनें सुटली नाहीं. ती तशीच स्वीकारली गेली. १५९० सालीं हिदेयोशीनें ओदावारा किल्ल्यास वेढा घातला. त्याच्या छावणींत चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू होता. तेथें त्यानें बांबू तोडून एक पुष्पपात्र केलें, असें परंपरा सांगते. कल्याणच्या बुरुडासही त्या साध्या नळकांड्याचें नवल वाटलें नसतें. त्याला उभी चीर गेली. ओन्जोजी मंदिराच्या घंटेवरही व्रण आहे, म्हणून पात्राला तेंच नांव मिळालें. पुढें एका चहाप्रसंगीं त्यांतून पाणी चटईवर ठिबकूं लागलें. पाहुण्यानें तें दाखवितांच, हें गळणें हाच या पात्राचा प्राण, अशा अर्थाचें उत्तर यजमानानें दिल्याची आख्यायिका आहे.

१५९१ सालीं हिदेयोशीच्याच आज्ञेनें रिक्यूला प्राण द्यावे लागले. तें चिरलेलें वेळूचें नळकांडें मात्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जपलेलें आहे.

चीर गेलेल्या कळशींत पाण्याची लहान वाटी ठेवून तगरीची एक फांदी उभी करतां येते. आजीच्या हातची ती कळशी मोडींत घालण्यापूर्वीं एवढें करून पाहण्यास कांहींच वेंचावें लागत नाहीं.