गिरणीची शक्ति घरांत

१ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली, तेव्हां तिची शक्ति वाफेची होती. अशा गिरण्यांत एंजिन थांबलें कीं सारीं यंत्रें थांबत. विजेनें ती शक्ति घरोघर वांटली. आज त्याच शहरांत मोटारखान्यांतील करवतीस भिंतींतील एक सॉकेट पुरतें. १९३४ च्या ब्रिटिश मानकानें ५ व १५ अँपिअरांच्या गोल पिना ठरविल्या. आजचीं ६ व १६ अँपिअरांचीं सॉकेटें त्यांचीच वंशज. त्यांतील तिसरी पिन लांब, म्हणून ती प्रथम जोडली जाते. यंत्राच्या लोखंडी अंगांत वीज उतरल्यास ती जमिनीकडे वळते व फ्यूज वितळून प्रवाह तुटतो. परंतु भिंतीमागें भूमितार नसेल, तर तिसरें भोंक केवळ शोभेचें. आणि त्या शोभेचें मोल करवत धरणाऱ्या हातास द्यावें लागतें.