चुंबकाची ताकद आणि निदानाचा इतिहास : मल्टिपल स्क्लेरोसिस व परभणी जिल्हा

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायेलिन आवरण झिजविणारा आजार होय. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. तथापि, पुढील शंभर वर्षे त्याचे व्रण प्रामुख्याने शवविच्छेदनातच दिसत. १९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १० रुग्णांची तपासणी झाली. सी.टी. स्कॅनमध्ये १९ व्रण दिसले. चुंबकीय अनुनाद प्रतिमेत ते तर दिसलेच, शिवाय आणखी ११२ आढळले. त्या यंत्राची तीव्रता होती अवघी ०.१५ टेस्ला! आजच्या सर्वसाधारण यंत्राच्या एक दशांश.

भारतात हा आजार दुर्मीळ मानला जाई. १९८५ मध्ये मुंबईत रुग्णांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि १९९० मध्ये डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाजातील त्याचे प्रमाण लक्षणीय असल्याचे दाखविले. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत हा आजार कमी आढळतो, हे खरेच. परंतु 'दुर्मीळ' या शब्दामागे कोणती यंत्रसामग्री होती, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

२००१ च्या मॅकडोनाल्ड निकषांनी व्रणांचा 'स्थळ' व 'काळ' यांतील विस्तार प्रतिमेवरून ठरविण्यास मान्यता दिली, तेव्हापासून यंत्राच्या तीव्रतेला नवे महत्त्व आले. ३ टेस्लावर अधिक व्रण दिसतात. मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय बहुकेंद्री अभ्यासात त्यामुळे निदानात सुधारणा आढळली नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ३ टेस्लाला पसंती दिली, तरी १.५ टेस्ला पुरेसे मानले. त्याखालील यंत्रांची शिफारस नाही. नेमकी हीच कायमस्वरूपी चुंबकाची, द्रवरूप हेलियम न लागणारी स्वस्त यंत्रे लहान शहरांना परवडतात. मोठ्या आकड्याच्या जाहिरातीपेक्षा ही किमान मर्यादा अधिक निर्णायक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९५६ मध्ये आले, नांदेडला १९८८ मध्ये, आणि परभणीला थेट २०२३ मध्ये. दरम्यान, २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने २१ प्रकारांत या आजाराचा समावेश केला. म्हणजे प्रमाणपत्रासाठी आधी निदान हवे. एकाच तपासणीत काळातील विस्तार सिद्ध न झाल्यास काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा लागू शकतो. गंगाखेड किंवा जिंतूरच्या शेतमजुरासाठी याचा अर्थ दुसऱ्यांदा प्रवासखर्च, दुसऱ्यांदा बुडालेली मजुरी आणि तोवर प्रमाणपत्राविना गेलेला काळ असा होतो.