फ्युजन रिअॅक्टरमधलं स्टील झिजतं कसं?

फ्युजनच्या बातमीत प्लाझ्माचं तापमान हमखास असतं: १५ कोटी अंश सेल्सिअस. मग भांडं वितळत नाही का? नाही, कारण चुंबकीय क्षेत्र प्लाझ्माला भिंतीपासून लांब धरतं. पण थोडे कण निसटतातच. सॉफ्टवेअरवाला असूनही मला तापमानापेक्षा ही गळतीच जास्त रंजक वाटते.

निसटलेला ड्युटेरियमचा आयन भिंतीवर आदळला की तिथला एखादा अणू कॅरमच्या सोंगटीसारखा उडतो. याला स्पटरिंग म्हणतात. लोखंडाचा अणू उडवायला काही दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. टंगस्टनला २०० हून जास्त लागतात, कारण तो ड्युटेरियमच्या सुमारे ९२ पट जड असतो आणि शेजाऱ्यांना घट्ट धरून बसतो. उडालेले अणू प्लाझ्मात शिरले तर तो ऊर्जा प्रकाशाच्या रूपात फेकून थंड होतो. भिंत पातळ होते ते वेगळंच.

आता युरोफर ९७ हे स्टील घ्या. यात ९ टक्के क्रोमियम आणि जेमतेम १ टक्का टंगस्टन. ते झिजेसाठी घातलेलं नाही बरं का! उष्णता सोसणाऱ्या नेहमीच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असतं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते दीर्घकाळ किरणोत्सारी होतं, म्हणून त्याच्या जागी टंगस्टन आलं. भारतानेही असं स्टील बनवलंय, त्यात टंगस्टन १.४ टक्के आहे.

प्रयोगशाळेत या स्टीलवर ड्युटेरियमचा मारा केला, तेव्हा लोखंड उडत गेलं आणि टंगस्टन मागे साचत गेलं. काही नॅनोमीटरचा टंगस्टनबहुल थर तयार झाला आणि झिजेचा वेग उतरला. पृष्ठभागावर बारीक सुयाही उगवतात. उडालेले काही अणू शेजारच्या सुईवरच अडकतात. म्हणजे मार खाऊनच चिलखत चढतं.

पण भरवसा किती ठेवायचा? आयनची ऊर्जा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गेली तर टंगस्टनही उडू लागतं. स्टील फार तापलं तर अणू सरकू लागतात आणि वरचा थर विरू शकतो. म्हणून जिथे मारा सर्वांत जोरदार, त्या डायव्हर्टरला सरळ टंगस्टनच लावतात. उघडं स्टील चालेल का, हा प्रश्न भिंतीच्या आत दबलेल्या, कमी माऱ्याच्या भागांपुरता आहे.

शिवाय हे स्टील चुंबकाला चिकटतं, मग ते क्षेत्रच बिघडवेल अशी शंका होती. जर्मनीतल्या गार्शिंगच्या आसडेक्स अपग्रेड यंत्रात याच जातकुळीतल्या टाइल्स आतल्या भिंतीवर लावून पाहिल्या. यंत्र नीट चाललं.