सुईणींची परीक्षा आणि सुईणींची पदके : गुणवत्ता मोजायची कशी?

१/ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नेपोलियनच्या राजवटीत, पॅरिसमधील एका प्रसूतिगृहात एक समारंभ होत असे. व्यासपीठावर सरकारी अधिकारी आणि नामवंत वैद्य बसलेले असत आणि समोर फ्रान्सच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या तरुणी. भाषणे होत, नावे पुकारली जात आणि प्रसूतिविद्येच्या परीक्षेत अव्वल ठरलेल्या विद्यार्थिनींना पारितोषिके दिली जात. समारंभाचा वृत्तान्त छापूनही निघे. सुईणीचे काम शिकणाऱ्या मुलींचा शासनाने एवढा जाहीर गौरव का करावा? आजचा थ्रेड या प्रश्नाविषयी.

२/ त्यापूर्वीच्या शतकांत सुईणपण शाळेत शिकले जात नसे. आईकडून लेकीकडे किंवा एका अनुभवी बाईकडून दुसरीकडे ही विद्या जाई. गावच्या सुईणीवर पाद्र्याची नजर असे. ती सदाचारी आहे का, आणि मरणोन्मुख अर्भकाला तिला बाप्तिस्मा देता येतो का, हे तो पाहत असे. प्रसूतीचे तिचे ज्ञान तपासणारी यंत्रणा बहुतेक गावांत नव्हती. तिची परीक्षा होई ती चारित्र्याची आणि धर्माची.

३/ हे चित्र बदलण्याचा मोठा प्रयत्न एका सुईणीनेच केला. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने मादाम द्यु कुद्रे यांना राजाज्ञापत्र दिले आणि त्यानंतर सुमारे पाव शतक त्या देशभर फिरून सुईणींचे वर्ग घेत राहिल्या. कापड आणि कातडे वापरून बनवलेले मातेच्या कटिभागाचे व अर्भकाचे पूर्णाकृती प्रतिरूप त्या सोबत नेत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या हातांनाच शिकवायचे, ही त्यांची युक्ती. त्यांच्या हाताखालून हजारो बायका शिकून गेल्या. अशा प्रतिरूपाचा एक नमुना रूआँ येथील संग्रहालयात आजही पाहता येतो.

४/ राज्यक्रांतीने जुन्या संस्था आणि जुने परवाने मोडीत काढले. काही वर्षे वैद्यकीचा व्यवसाय जवळजवळ कोणालाही करता येत होता. युद्धांच्या त्या काळात शासनाला लोकसंख्येची चिंता होती आणि बाळंतपणात दगावणाऱ्या माता व मुले हा राज्यकारभाराचा विषय झाला होता. १८०२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ असलेले गृहमंत्री शाप्ताल यांनी पॅरिसच्या ‘मातेर्निते’ या प्रसूतिगृहात सुईणींसाठी राष्ट्रीय विद्यालय स्थापन केले. प्रसूतिगृहाची जागा होती पोर्ट-रॉयल या जुन्या मठाच्या परिसरात. क्रांतीच्या धामधुमीत याच मठाचा तुरुंग झाला होता.

५/ प्रत्येक विभागाच्या प्रीफेने, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याच्या तोडीच्या अधिकाऱ्याने, होतकरू तरुणी निवडून पाठवायच्या आणि त्यांचा खर्च बहुधा त्या विभागाने सोसायचा, अशी योजना होती. मुलीला लिहितावाचता येणे आवश्यक होते. शिक्षणक्रम आधी सहा महिन्यांचा होता, तो पुढे वर्षभराचा झाला. प्रसूतिविद्येबरोबर देवी टोचणे, रक्त काढणे, औषधी वनस्पती ओळखणे हेही शिकवले जाई. निवास तिथेच असे आणि शिस्त कडक.

६/ सिद्धान्त शिकवीत ज्याँ-लुई बोद्लोक. सुईणींसाठी प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले त्यांचे पाठ्यपुस्तक १७७५ पासून प्रचारात होते. मात्र खोलीत, खाटेपाशी, प्रत्यक्ष हात धरून शिकवणाऱ्या होत्या मुख्य सुईण मारी-लुईझ लाशापेल. त्यांची आईही सुईणच होती, पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयात. लाशापेल यांनी हजारो प्रसूतींच्या नोंदी पद्धतशीर ठेवल्या आणि अवाजवी हस्तक्षेप टाळण्याचा आग्रह धरला. त्यांचा ग्रंथ १८२१ पासून, त्यांच्या निधनानंतर, भाच्याने प्रकाशात आणला.

७/ आता त्या समारंभाकडे परत येऊ. पारितोषिकाने एका वेळी तीन गोष्टी साधत. एक, ज्या विभागाने पैसे खर्चून मुलगी पाठवली, त्याला खर्चाचे चीज झाल्याचा पुरावा मिळे. दोन, विशी-पंचविशीच्या मुलीला गावातल्या जुन्या, मान्यताप्राप्त सुईणीसमोर उभे राहायचे होते आणि शासनाचा गौरव तिच्या बाजूने साक्ष देई. तीन, सुईणपण ही शिकण्याची, तपासण्याची आणि श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवता येण्याजोगी विद्या आहे, हे सर्वांसमोर जाहीर होई. पाद्र्याच्या पसंतीची जागा आता परीक्षेच्या निकालाने घेतली होती.

८/ ही झाली एक बाजू. त्याच शासनाने १० मार्च १८०३ रोजी वैद्यकव्यवसायाचा कायदा केला. त्यानुसार सुईणींना परीक्षा व परवाना मिळाला खरा, परंतु अवघड प्रसूतीत डॉक्टरला बोलावल्याशिवाय त्यांनी उपकरणे वापरू नयेत, असेही कलम त्यात होते. म्हणजे विद्यार्थिनी परीक्षेत कितीही वर आली, तरी चिमटा हाती घेण्यासाठी तिला पुरुष डॉक्टरची वाट पाहणे भाग होते. खेड्यात तो डॉक्टर अनेकदा कोसोगणती दूर असे. गुणवत्तेला शाबासकी होती आणि त्याच गुणवत्तेला कुंपणही होते.

९/ हे कुंपण किती उंच होते, ते मारी बोआव्हँ यांच्या आयुष्यात दिसते. जन्म १७७३ चा. पती लवकर वारला, पदरात मुलगी. मातेर्नितेत शिकून १८०० मध्ये त्या सुईण झाल्या. १८१२ मध्ये त्यांनी प्रसूतिविद्येवर सचित्र ग्रंथ लिहिला. १८१४ मध्ये प्रशियाच्या राजाने त्यांना पदक दिले आणि १८२७ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. स्वदेशात मात्र वैद्यकीय पदवीचा मार्ग स्त्रियांना बंदच होता. १८४१ मध्ये त्या विपन्नावस्थेत वारल्या. सन्मान पुष्कळ मिळाले; ज्या दारातून आत जायचे होते, ते उघडले नाही.

१०/ आता सहा दशके पुढे आणि खाडीपलीकडे, लंडनला जाऊ. कारण तिथे याच प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर दिले गेले. क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या जनतेच्या निधीतून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. प्रवेश मिळाला अवघ्या १५ जणींना. तेथील मेट्रन मिसेस वॉर्डरोपर यांच्या देखरेखीखाली या विद्यार्थिनी वर्षभर वॉर्डात राबत शिकत.

११/ येथे प्रत्येकीचा एक तक्ता असे आणि तो दरमहा भरला जाई. त्याचा एक भाग कामाच्या कौशल्याचा : मलमपट्टी, पट्टे बांधणे, रुग्णाची अंथरुणे, आजाऱ्याचे अन्न, निरीक्षण इत्यादी. दुसरा भाग आचरणाचा : वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, टापटीप व स्वच्छता, वॉर्डातील व्यवस्था. ‘उत्कृष्ट’पासून ‘शून्य’पर्यंत शेरे दिले जात. पॅरिसमध्ये उत्तराला गुण होते, लंडनमध्ये वर्तनाला.

१२/ गौरवाचे रूपही वेगळे होते. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर पुढचे संपूर्ण वर्ष रुग्णालयात समाधानकारक सेवा केल्याचा पुरावा आला, की मगच बक्षिसी मिळे. पहिल्या श्रेणीला ५ पौंड, दुसऱ्या श्रेणीला ३ पौंड. या नियमामागचा विचार नीट पाहण्यासारखा आहे. परीक्षेच्या दिवशी कोण चमकली, यापेक्षा वर्षभर कोण टिकली, याची किंमत येथे अधिक होती.

१३/ म्हणूनच १८८७ नंतर इंग्लंडमध्ये एक मोठा वाद पेटला. एथेल बेडफर्ड फेनविक आणि त्यांच्या ब्रिटिश नर्सेस असोसिएशनची मागणी होती : सर्वांसाठी समान शिक्षण, समान परीक्षा आणि परिचारिकांची सरकारी नोंदवही. नाइटिंगेल यांचा याला विरोध होता. रुग्णाची काळजी घेणाऱ्या स्त्रीचे शील आणि निष्ठा लेखी परीक्षेतून कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. अखेर १९१९ मध्ये नोंदणीचा कायदा झाला आणि फेनविक यांचा पक्ष जिंकला.

१४/ दोन्ही बाजूंत तथ्य होते, हे आज दिसते. केवळ आचरण मोजले, तर विद्यार्थिनी वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून राहते. ‘शांत’ आणि ‘आज्ञाधारक’ मुलगी वर जाते, प्रश्न विचारणारी मागे पडते. परीक्षा निदान सर्वांना एकच प्रश्न विचारते. उलट केवळ परीक्षा मोजली, तर रात्री तीन वाजता कोणी पाहत नसताना परिचारिका काय करते, हे अज्ञातच राहते. आणि रुग्णाचे प्राण अनेकदा त्याच घटकेवर अवलंबून असतात.

१५/ परंतु या दोन्ही मापांतून निसटलेली तिसरी गोष्ट होती, आणि ती सर्वांत गंभीर होती : रुग्ण जगते की नाही? पुन्हा पॅरिसला येऊ. १८५६ मध्ये स्तेफान तार्निए हा तरुण डॉक्टर मातेर्नितेत काम करीत होता. त्याने तेथील मातांचे मृत्यू आणि त्याच भागात घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे मृत्यू यांची तुलना केली. घरी ३२२ प्रसूतींमागे एक माता दगावत होती, मातेर्नितेत १९ प्रसूतींमागे एक. देशातील सर्वोत्तम सुईणी जिथे घडत होत्या, तिथे बाळंत होणे सुमारे १७ पट धोक्याचे होते.

१६/ कारण होते बाळंतज्वर. एका मातेकडून दुसरीकडे तो हातांनी, उपकरणांनी पोचत होता. व्हिएन्नाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तिथे एकाच रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते : पहिल्यात वैद्यकाचे पुरुष विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणींच्या विद्यार्थिनी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११ टक्क्यांहून अधिक माता दगावल्या, दुसऱ्यात ३ टक्क्यांहून कमी. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येणारे विद्यार्थ्यांचे हात हे या फरकाचे मूळ होते, हे १८४७ मध्ये इग्नाझ झेमेलवाइस यांनी ओळखले.

१७/ शहरातल्या स्त्रियांना मात्र हा फरक आधीच ठाऊक होता. पहिल्या विभागात न्यायचे म्हटले, की त्या गयावया करीत. ज्या विद्यार्थिनींच्या विभागात माता अधिक जगत होत्या, त्यांची प्रतिष्ठा मात्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यांहून कमीच राहिली. प्रतिष्ठेची उतरंड आणि जगण्या-मरण्याची आकडेवारी यांची दिशा येथे उलट होती.

१८/ नाइटिंगेल यांनाही हा धडा मिळाला. त्यांच्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १८६० च्या दशकात सुईणींच्या शिक्षणासाठी प्रसूतिविभाग चालवला गेला. तेथे हजार प्रसूतींमागे सुमारे ३३ माता दगावल्याचे निष्पन्न झाले आणि १८६७ मध्ये विभाग बंद करण्यात आला. विद्यार्थिनींची वर्तणूक चोख ठेवूनही हे घडले होते. १८७१ मध्ये त्यांनी प्रसूतिगृहांवर एक पुस्तक लिहून अनेक देशांचे मृत्युदर शेजारी-शेजारी मांडले. निष्ठेचा आग्रह धरणारी ही स्त्री येथे आकड्यांना शरण गेली, हे तिचे मोठेपण.

१९/ यावरून पारितोषिके निरर्थक ठरतात का? मला तसे वाटत नाही. पारितोषिक व्यक्तीला मिळते. रुग्णाची सुरक्षितता मात्र हात धुण्याची सोय, खाटांमधील अंतर, पुरेशी विश्रांती, माणसांची संख्या अशा अनेक गोष्टींतून घडते. एका विद्यार्थिनीचे पदक त्या व्यवस्थेची उणीव भरून काढू शकत नाही. तरीही ज्या कामाला समाज ‘बायकांचे उपजत काम’ म्हणून बाजूला सारत होता, ते अभ्यासाने साधणारे शास्त्र आहे, हे पदकाने जाहीर सांगितले. पॅरिसहून गावी परतलेल्या तरुणीच्या हाती आपली योग्यता दाखवायला यापेक्षा मोठा पुरावा दुसरा कोणता होता?

२०/ इतिहासाची गंमत अशी, की परीक्षांबद्दल साशंक असलेल्या नाइटिंगेल यांच्याच नावाने आज पदके दिली जातात. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक १९१२ मध्ये स्थापन झाले आणि १९२० मध्ये प्रथम प्रदान करण्यात आले. भारत सरकारचा त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९७३ पासूनचा आहे. हे दोन्ही सन्मान विद्यार्थिदशेतील गुणांसाठी नसून केलेल्या सेवेसाठी आहेत. ५ पौंडांच्या बक्षिसीमागचा विचार त्यांत जिवंत आहे.

२१/ आपल्याकडे आजही नर्सिंग महाविद्यालयांत गुणवंतांना पदके दिली जातात. पुढच्या वेळी असे छायाचित्र दिसले, तर टाळ्या जरूर वाजवाव्यात. त्यानंतर दोन प्रश्नही मनात आणावेत. या मुलीचे नेमके काय मोजले गेले : स्मरण, वर्तन की रुग्णाला झालेला लाभ? आणि जिला आज व्यासपीठावर बोलावले, तिला उद्या वॉर्डात स्वतःचा निर्णय घेण्याचा अधिकार आणि साजेसे वेतन मिळणार आहे का? मारी बोआव्हँ यांना पदके मिळाली होती, हे अशा वेळी आठवावे.

(थ्रेड समाप्त. आपल्या घराण्यातील किंवा गावातील सुईणींच्या आठवणी असतील, तर खाली अवश्य लिहा. त्यांची नोंद फारशी कोणी ठेवलेली नाही.)