सावकाराची चोपडी आणि ३.१ टक्के

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. माझ्या आजोळी मात्र त्या दिवशी आजोबा गप्प असत. त्या घराचा खरा हिशेब घरातल्या वहीत नव्हताच. तो होता सावकाराच्या चोपडीत, आणि ती आजोबांना वाचता येत नसे.

पुढे अर्थशास्त्र वाचताना एका आकड्यापाशी मी थबकलो: ३.१ टक्के. १९५१-५२ साली देशातील शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा एवढाच होता. सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचे होते! रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने ६०० खेड्यांतील घराघरांत विचारपूस करून हे उघड केले. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते.

केंब्रिजहून परतलेला हा विद्वान १९३० पासून १९६६ पर्यंत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचा संचालक होता. पुणे शहरातील कुटुंबांचीही पाहणी या संस्थेने त्यांच्याच काळात केली. दारिद्र्यावर व्याख्याने देणारे पुष्कळ होते. दारिद्र्याच्या दारात जाऊन मिळकत किती, देणे किती, हे विचारणारे थोडे.

१९५४ च्या अहवालाने आणखी एक कटू गोष्ट सांगितली. सहकारी कर्ज अपुरे तर होतेच, पण ज्याला त्याची गरज अधिक त्याच्यापर्यंत ते पुष्कळदा पोचतच नव्हते. म्हणून सहकार मोडीत काढा, असे मात्र समितीने म्हटले नाही. सरकारने त्यात भागीदार व्हावे, असे सुचवले. अहवालाच्या शिफारशीला अनुसरून १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

गाडगीळ नुसत्या अहवालावर थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यांनी लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याचे अध्यक्षपद सांभाळले. प्राध्यापकाने उसाच्या गाड्यांची चिंता वाहावी, हे तेव्हा अनेकांना नवलाचे वाटले असेल. मला ते त्यांच्या संशोधनाचेच पुढचे पाऊल वाटते.

१९७१ साली ते गेले. सहकाराचे पुढे काय झाले, कोणाच्या हाती तो गेला, हे वाचक जाणतातच. पण कर्ज कोणापर्यंत पोचले नाही, हा त्या अहवालाचा प्रश्न अजून जुना झालेला नाही. या लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू वाहताना मला आजोबांचे ते गप्प बसणे आठवेल.