जनुकांमधील अंतर आणि कोसंबी

मोखाडा तालुक्यांतील सूर्यमाळच्या उतारावर नागली पेरणाऱ्या शेतकऱ्याचें पिकाच्या एकाच गुणानें भागत नाहीं. दाणा भरघोस हवा आणि पीक पाऊस सरतांच हातीं यावें, हे दोन्ही गुण त्यास एकाच रोपांत पाहिजेत. परंतु हळव्या पिकाचा उतारा गरव्याहून पुष्कळदां उणा पडतो. हे दोन गुण एकाच जनुकाचे परिणाम असतील, तर ते विलग करण्याचा यत्न व्यर्थ होय. शेजारच्या दोन जनुकांचे असतील, तर संकर करणाऱ्यास आशा आहे. म्हणजे प्रश्न अंतराचा ठरतो. तें मोजण्याच्या इतिहासांत एका गोमंतकीय पंडिताचें नांव कायमचें राहिलें आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ सालीं गोव्यांत झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत असतां १९४४ सालीं त्यांनीं या विषयावर अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध केला.

बीजपेशी घडतांना गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकें जितकीं दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक. परंतु मध्यें दोनदां अदलाबदल झाली, तर ताटातूट दिसतच नाहीं; म्हणून दिसणारें प्रमाण खऱ्या अंतराहून कमी भरतें. हॉल्डेन यांनीं १९१९ सालीं यावर सूत्र दिलें. मात्र एक अदलाबदल शेजारच्या दुसरीस अडवीत नाहीं, असें त्यांत गृहीत होतें. वस्तुतः ती बहुधा अडवते. जवळच्या जवळ हा अडथळा पुरा असतो आणि दूर जातां विरत जातो, ही गोष्ट कोसंबींनीं आपल्या सूत्रांत बसविली. शेंकडा २० ताटातूट दिसली असतां हॉल्डेन यांच्या हिशेबानें अंतर २५.५ सेंटिमॉर्गन येतें. कोसंबींच्या हिशेबानें २१.२.

पुढें १९८९ सालीं लँडर व बॉट्स्टीन यांनीं अशा नकाशावरील खुणांच्या आधारें मोजण्याजोग्या गुणांचीं जनुकें हुडकण्याची रीत दिली. १९९५ सालीं जियांग व झेंग यांनीं अनेक गुणांचा एकत्र विचार करून, जनुक एक कीं दोन, हेंही पारखण्याची सोय केली. असे नकाशे करतांना कोसंबींचें सूत्र आजही सर्रास वापरतात.

१९५६ सालच्या भारतेतिहासावरील ग्रंथामुळें कोसंबींची ख्याति इतिहासकार म्हणून झाली. १९६६ सालीं ते वारले. त्यांच्या चार पानांनीं शेतकऱ्याचे श्रम वांचत नाहींत. अंतर १ सेंटिमॉर्गन असेल, तर शंभरांत सुमारें एकाच बीजपेशींत ताटातूट सांपडते, आणि तीहि हवी तशीच असेल असें नाहीं. परंतु किती रोपें लावून पाहावींत आणि कोठें आशा सोडावी, हें आधीं कळतें. शेतीच्या कामांत हा लाभ लहान नव्हे.