तेरावा बलुतेदार

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. जुन्या खेड्याचा सारा प्रपंच त्यात मांडला आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट असे बलुतेदार कोण, कोणाच्या वाट्याला कोणते काम आणि सुगीला खळ्यावर कोणाच्या पदरात किती धान्य, याचा त्यांनी बारकाईने झाडा घेतला. आज आत्रे आमच्या पाथर्डी तालुक्यात हिंडले असते, तर त्यांना आपल्या यादीत एका नव्या कारागिराची भर घालावी लागली असती. तो गावात राहत नाही. त्याच्यापाशी भाता नाही, चाक नाही, रंधा नाही. पण वाड्यावस्त्यांवरही आता एखादे घर असे सापडते की जिथला मुलगा किंवा मुलगी पुण्याला जाऊन हेच काम करते.

दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडे एक मौज पाहायला मिळते. ऊसतोडीची माणसे बिऱ्हाड, पोरेबाळे आणि कोयते घेऊन ट्रकमधून कारखान्यांकडे निघालेली असतात. आणि त्याच नगरच्या रस्त्याने पुण्याची पोरे पाठीला पिशवी लावून घरी येत असतात. पुष्कळदा एक भाऊ जाणाऱ्या ट्रकमध्ये असतो आणि दुसरा येणाऱ्या एसटीत. जाणाऱ्याचे काम सगळ्या गावाला ठाऊक असते. येणारा काय करतो असे त्याच्या आईला विचाराल तर ती अभिमानाने सांगेल, “आयटीत हाय.” म्हणजे काय? “कॉम्प्युटरवर असतो.” यापुढे माहिती जात नाही. ज्या कारागिरीवर एवढी घरे उभी राहिली तिचा इतिहास आपल्या घरात कोणी सांगू नये, हे काही बरे नव्हे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम हे काम काय ते पाहू. घरोघरी अनारसे होत आहेत, तेव्हा दाखला तोच घेऊ. तांदूळ तीन दिवस भिजवावेत, रोज पाणी बदलावे, सावलीत वाळवून कुटावेत, गूळ घालून मळावे, खसखशीवर थापून तुपात सोडावे. सून चतुर असली तर एवढ्यावर अनारसे होतात. पण समजा ही कृती अशा कोणाला सांगायची आहे की ज्याला विलक्षण वेग आहे, थकवा नाही आणि अक्कल मुळीच नाही. ‘गूळ अंदाजाने’ म्हटले की तो अडतो. ‘तूप बेताचे तापले की’ म्हटले तर बेत म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. खसखस संपली तर काय, मध्येच वीज गेली तर काय, हेही आधीच सांगून ठेवावे लागते. अशा निर्बुद्ध पण आज्ञाधारक यंत्रासाठी एकही पायरी न गाळता लिहिलेली कृती म्हणजे प्रोग्रॅम, आणि ती लिहिणारा तो प्रोग्रॅमर. त्याचे निम्मे आयुष्य आपल्याच लिहिण्यातली खोट हुडकण्यात जाते.

आपल्याकडे या कारागिरीचा पाया मुंबईत पडला. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ साली रंगस्वामी नरसिंहन रुजू झाले. ते गणिताचे माणूस, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टर झालेले. त्यांच्याबरोबर काही तरुण जमले आणि त्यांनी स्वतःच संगणक बांधायला घेतला. आधी एक लहान नमुना केला आणि १९६० साली पूर्ण यंत्र कामाला लागले. पुढे १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ असे ठेवले. त्याच्या स्मरणात २०४८ शब्दांची जागा होती, आणि त्यात ‘शब्द’ म्हणजे एकेक आकडा किंवा एकेक आज्ञा. आजच्या साध्या मोबाइलमधल्या एका छायाचित्रालाही ती पुरायची नाही. पण एवढ्या अडचणीच्या जागेत कृती बसवायची म्हणजे एकेक आज्ञा तोलून वापरावी लागे. काटकसर हा या धंद्याचा पहिला संस्कार ठरला.

दुसरा संस्कार शिकवण्याचा. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेहून ‘सीडीसी ३६००’ हे मोठे यंत्र आले. त्यावर काम करायला देशभरचे संशोधक येत, आणि येणाऱ्याला यंत्राशी बोलायचे कसे ते शिकवावे लागे. पुस्तके थोडी आणि जाणकार त्याहून थोडे. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायचे, हीच शाळा. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे या कारागिरांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हाच त्यांनी आपले मंडळ उभारले. आपल्या जुन्या कारागिरीत हाताखालच्या पोरालाही शेवटची खुबी सांगायची नाही, अशी रीत होती. पुष्कळशा विद्या तशाच बुडाल्या. या नव्या धंद्याने ती रीत धरली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याचा अर्थ सगळीकडे त्याचे स्वागत झाले असा नव्हे. बँका आणि विमा कचेऱ्यांतल्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठे लढे दिले. शंभर कारकुनांचे काम एक यंत्र करणार असेल तर नव्व्याण्णवांनी जायचे कुठे, हा त्यांचा सवाल होता, आणि तो पोटाचा होता. सरकारने यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; तिचा अहवाल १९७२ साली आला. त्याच काळात, १९६८ साली, मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली होती. भोके पाडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यांवर हिशेब करणे हे तिचे आरंभीचे काम. एका पत्त्यावर ८० रकाने. गठ्ठा हातून निसटला आणि पत्त्यांचा क्रम बिघडला की सगळे मुसळ केरात!

देशात यंत्रे कमी आणि परकीय चलन त्याहून कमी. तेव्हा यंत्र आणता येत नसेल तर माणूस यंत्राकडे पाठवावा, अशी तोड निघाली. १९७४ पासून ‘टाटा’ने अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी काम धरले. १९७३ साली मुंबईत अंधेरीला सीप्झ ही निर्यात वसाहत झाली होती, तिथेही हा धंदा वाढला. पुण्यात १९८१ साली नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी दहा हजार रुपयांवर इन्फोसिस काढली. तिचे बिऱ्हाड १९८३ मध्ये बंगळूरला गेले. आरंभी त्यांच्यापाशीही स्वतःचा संगणक नव्हता. माणसे अमेरिकेत गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन काम करीत.

आमच्या भागातल्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. मुकादमाने उचल द्यावी, टोळी बांधावी, परमुलखातल्या कारखान्यावर न्यावी आणि हंगाम संपला की परत आणावी. कोयत्याच्या जागी कळफलक आला आणि कोपीच्या जागी अमेरिकेतली भाड्याची खोली आली, एवढाच फरक. मजुरीचा आकडा मात्र जमीनअस्मानाइतका वेगळा, आणि उचलीच्या फेऱ्यात पिढ्या अडकत नाहीत, हा फरक लहान म्हणता येणार नाही. या धंद्याला आतून पाहिलेल्या मराठी माणसाचे कथन हवे असेल तर अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ हे आत्मचरित्र वाचावे. सोलापूरचा मुलगा, मुंबईच्या आयआयटीतून केमिकल इंजिनिअर झाला, शहाद्याच्या आदिवासींच्या चळवळीत काही काळ गेला आणि पुढे सॉफ्टवेअरच्या मोठमोठ्या कंपन्यांचा कारभार पाहू लागला. या धंद्यात माणसे किती वेगवेगळ्या वाटांनी येतात, ते त्यावरून कळते.

आतापर्यंत आपला कारागीर परक्यांचे काम करीत होता आणि परक्या लिपीत करीत होता. घरच्या लिपीचे काय? १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातले विजय भटकर तिचे प्रमुख. अमेरिकेचा महासंगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ बांधून दाखवला, ही कथा सर्वश्रुत आहे. पण तिथेच दुसरे एक काम चालू होते, त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. कानपूरच्या आयआयटीत आरंभलेले भारतीय लिप्यांचे काम सी-डॅकमध्ये वाढले. त्याचे मूळ सूत्र फार सुंदर आहे. आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी. तोंडवळे निराळे, पण वर्णमाला एक. मग प्रत्येक लिपीला वेगळा हिशेब कशाला? ‘क’ला एक आकडा दिला की तो मराठीतही चालेल आणि बंगालीतही. १९९१ साली हे ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक ठरले. कळफलकही तसाच आखला: स्वर डावीकडे, बरीचशी व्यंजने उजवीकडे, ज्या कळीवर ‘क’, तिच्यावरच ‘ख’, ज्या कळीवर ‘ग’, तिच्यावरच ‘घ’. पहिलीतल्या पोरांच्या तोंडी घोळणारी वर्णमाला अशी यंत्राच्या उपयोगी पडली.

दुर्दैवाने बाजारात हे सूत्र टिकले नाही. ज्याने त्याने आपापले टंक काढले आणि प्रत्येकाचे आकडे वेगळे. एका वर्षी आमच्या शाळेची सहामाही प्रश्नपत्रिका एका संगणकावर टाइप करून दुसरीकडे छापायला नेली, तर पडद्यावर मराठीऐवजी फुल्या, कंस आणि रोमन अक्षरांची रांगोळी उमटली! सगळी प्रश्नपत्रिका रात्री जागून पुन्हा टाइप करावी लागली. हा त्रास ज्याने काढला नाही असा त्या काळचा मराठी शिक्षक विरळा. या बजबजपुरीतून सोडवणूक केली ती ‘युनिकोड’ने. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच वहीत जागा देणारी ही व्यवस्था. १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी आली, आणि तिची मांडणी ‘इस्की’वरूनच घेतलेली होती.

पण वहीत जागा मिळाली म्हणून अक्षर पडद्यावर आपोआप उमटत नाही. त्यासाठी कोणीतरी टंक काढावे लागतात, जोडाक्षरे बसवावी लागतात, यंत्राच्या सूचना मराठीत आणाव्या लागतात. इथे आपल्या तेराव्या बलुतेदाराची खरी ओळख पटते. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले की प्रोग्रॅम लपवून ठेवू नयेत. ज्याला हवे त्याने ते वाचावेत, सुधारावेत, वाटावेत. १९९१ साली फिनलंडच्या लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. मुंबई-पुण्यातही लिनक्सवाल्यांची मंडळे जमली. दिवसा कचेरीत साहेबाचे काम आणि रात्री किंवा रविवारी हे बिनपैशाचे. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे की आणखी काही, यावर तासन्‌तास वाद! शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला, त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की इथे पंतांचे नाव कोणाला ठाऊक नसते. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनीच, मराठी विकिपीडिया सुरू झाला. ‘ॲम्ब्युलन्स’मधला आपला ‘ॲ’ युनिकोडमध्ये नव्हता, तो २००८ साली दाखल झाला. एका अक्षरापायीही किती चिकाटी लागते!

देण्याची ही वृत्ती पुस्तकांतही दिसते. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक घेऊन इंजिनिअरिंगच्या कितीतरी पोरांनी पहिला प्रोग्रॅम लिहिला. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी संगणक पाहिला नव्हता अशांना त्याची सोपी इंग्रजी झेपली.

जुन्या बलुत्यात जन्माने धंदा ठरे आणि त्याबरोबर मान-अपमानही ठरे. तो गावगाडा मोडला याचे दुःख करण्याचे कारण नाही. हा तेरावा बलुतेदार जन्माने होत नाही, शिकून होतो. आणि शिकवणारा त्याला गावाबाहेर, कधी देशाबाहेरही, फुकट भेटतो. पाथर्डीच्या कोरडवाहू शिवारातल्या पोराला वडिलोपार्जित भांडवल नसते. या धंद्यातली ही उघडी सामायिक विहीर तेवढी त्याच्या वाट्याची आहे.

त्या विहिरीचीच आता कसोटी आहे. साध्या भाषेत सांगितले की प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे अलीकडे निघाली आहेत, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी बँकेतल्या कारकुनाने विचारलेला सवाल आज प्रोग्रॅमरच विचारू लागला आहे. त्याला सोपे उत्तर कोणापाशीच नाही. मात्र ही यंत्रेही शिकली ती हजारो माणसांनी मोकळेपणी मांडून ठेवलेल्या कामावरूनच. जो नुसता सांगितलेला ऊस तोडतो त्याच्या जागी यंत्र येते, हे आमच्या तालुक्याला आता शेतातही दिसू लागले आहे. जो पाणी शेंदतो आणि विहिरीत भरही घालतो, त्याची गरज संपायला वेळ लागेल.

तेव्हा यंदा फराळाच्या ताटावर घरच्या प्रोग्रॅमरला पगार विचारू नका. तो सगळेच विचारतात. त्याने या वर्षी काय घडवले आणि कोणाला शिकवले, एवढे विचारा. तो सांगू लागला तर अर्धे कळेल, अर्धे कळणार नाही. तरी ऐकून घ्या. गाव-गाड्याचे पुढचे प्रकरण त्याच्याच तोंडून लिहून घ्यायचे आहे.